मिशाळ पाहुणे

पिशवी छोट्या टाकीत तरंगत होती. आतल्या कॅटफिशपैकी एक आडवा पडला होता, एकाच्या पोटावर लाल चट्टा होता आणि बाकीचे कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

"सोडू का आता?" नातीनं विचारलं.

"थांब जरा. तुला कुणी झोपेतून उचलून गार पाण्यात टाकलं तर?" आजोबा म्हणाले.

ती थांबली. घरात तिला चौकशी म्हणत, कारण का, कसं, कशावरून यांशिवाय तिचं पान हलत नसे. आजोबांची मात्र तिच्यामुळेच कळी खुलायची. त्यांचा सगळा जन्म मुलांना शिकवण्यात गेला होता.

टाकीतलं पाणी वाटीवाटीनं पिशवीत घालायचं. दोन्ही पाण्यांची ओळख झाली की मासे जाळीनं अलगद उचलायचे आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. दुकानातली रोगराई घरात कशाला? तळाला बारीक रेती हवी, कारण टोकदार खड्यांनी मिशा झिजतात, आणि मिशी गेली की या माशांना अंधारात खाणं सापडत नाही. टाकीतला दिवा बंद ठेवायचा. लपायला एक फुटकी कुंडी आडवी ठेवायची. आणि अंगावर खवले नाहीत, म्हणून औषध निम्मंच.

"आणि धीर दुप्पट," ते म्हणाले.

सगळं चौकशीनं आपल्या हातानं केलं. आजोबांनी टाकीला बोटही लावलं नाही. हे मासे रुळले की आजोबा आपल्या घरी परतणार होते, आणि मग ही डॉक्टरकी तिला एकटीलाच निभवायची होती.

खरं तर ते केव्हाच जायचे. तिकडे एकटे असताना न्हाणीघरात घसरून पडले, ते दूधवाला आला तेव्हा कुठे कळलं. मुलगा फिरतीच्या नोकरीवर. सूनच धावत गेली आणि त्यांना इथं घेऊन आली. गुडघा बरा झाला, आजोबांनी परतायचं मनावर घेतलं, तोच नातीसाठी मासे आले आणि आजारी निघाले. ते बरे झाले, मोठ्या टाकीत हिंडू लागले, तोच आणखी आले. तेही आजारी. आणि आता हे.

मासे सूनच आणायची, दुकान तिच्या ऑफिसच्या वाटेवर पडायचं म्हणून. बाकी टाकीवरून तिच्या तोंडाचा पट्टा सारखा चालू असे. न्हाणीघरातल्या बादल्या माशांनी बळकावल्या, फरशी सदा ओली, आता माणसांनी आंघोळीला नदीवर जायचं का, असं ती विचारी. ही खेप दगावली तर टाकी उचलून देऊन टाकीन, असंही तिनं बजावलं होतं.

चौकशीला तेच खात होतं. आजोबा गेल्यावर पुन्हा असे मासे आले आणि आपल्या हातून मेले तर?

"पण आपल्याकडे येणारे सगळे आजारीच का असतात?" तिनं विचारलं.

आजोबांना प्रश्न फार आवडला. त्यांनी उत्तर दिलं नाही. एकेक कारण धरून शोधायला लावलं. पाणी वाईट म्हणावं, तर शेजारच्या काकूंकडेही याच नळाचं पाणी होतं, मासेही त्याच दुकानातले होते आणि ते खाऊनपिऊन गुबगुबीत झाले होते. प्रवास सोसत नाही म्हणावं, तर काकूंचे मासेही त्याच रस्त्यानं आले होते. उरला दुकानदार.

"म्हणजे तो फक्त आपल्यालाच फसवतो," चौकशी म्हणाली.

सून भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "फसवत असेल. नवं दुकान शोधत फिरायला वेळ कुणाला आहे?"

आडवा पडलेला मासा हळूहळू सरळ झाला. एकदा तर तो बाणासारखा पृष्ठभागापर्यंत गेला आणि तोंड उघडून परत खाली आला. चौकशी ओरडतच आजोबांकडे धावली. पण हवेचा घोट घ्यायची त्यांना सवयच असते, सारखं वर जायला लागला तरच काळजी, असं आजोबांनी सांगितलं. मग एका संध्याकाळी तिनं तळाशी बुडणारे दाणे टाकले, आणि कुंडीतून आधी मिशा बाहेर आल्या, मागून मासे आले. चट्टा फिका पडत पडत दिसेनासा झाला.

"झालं. आता तू पास, आणि मी मोकळा," आजोबा म्हणाले.

चौकशीनं मान हलवली, पण हसली नाही.

जाण्याआधी एक काम उरलं होतं. आपल्या माघारी या पोरीच्या गळ्यात कुणी आजारी मासे मारू नयेत, म्हणून दुकानदाराची चांगली हजेरी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. सून ऑफिसला गेल्यावर ते नातीला घेऊन, काठी टेकत पहिल्यांदाच त्या दुकानात गेले. जाताना शब्दसुद्धा मनात जुळवून ठेवले होते.

आत शिरले आणि आधी एकेक टाकी निरखू लागले. टाक्या आरशासारख्या लख्ख होत्या. कॅटफिश रेतीत मिशा खुपसून मजेत खाणं हुडकत होते. एकही सुस्त नव्हता.

चौकशी तोवर पार मागच्या कोपऱ्यात पोचली होती. तिथल्या टाकीवर फडकं टाकलेलं होतं. तिनं ते उचलून पाहिलं. आतले मासे गप्प पडून होते आणि त्यांच्या पोटांवर लाल चट्टे होते.

"ते विकायचे नाहीत, बाळ," दुकानदार म्हणाला. "त्यांना औषध चालू आहे."

"मग आमच्या घरी असलेच कसे येतात?"

दुकानदारानं एकदा तिच्याकडे आणि एकदा आजोबांकडे पाहिलं. या टाकीतले मासे फक्त एक बाई नेतात, ऑफिस सुटल्यावर येतात, असं त्यानं सांगितलं. तो नको नको म्हणतो, तरी त्यांचा हट्टच असतो.

"मुद्दाम आजारी मासे? ते कशासाठी?" आजोबांनी विचारलं.

"मीही तेच विचारलं," दुकानदार म्हणाला. "तर म्हणाल्या, धडधाकट नेले की आमचे बाबा बॅग भरायला घेतात."