वाकडी माशी

हातगाडी पायरीला टेकवून बागवाली दुकानात शिरली, तेव्हा तिची बंदूक टेबलाच्या लोखंडी पकडीत आवळलेली होती. बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री डोळ्याला भिंग लावून नळीच्या टोकाशी वाकला होता. शेजारच्या स्टुलावर कंत्राटदार पाय हलवत बसला होता.

याच टेबलावर आठ दिवसांपूर्वी सौदा ठरला होता. बंदूक कंत्राटदाराला, आणि तिच्या बदल्यात त्याने बागेला चारी बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण घालून द्यायचं. कुंपण दोन दिवसांत उभं राहिलं. परवान्याचे कागद मात्र अजून कचेरीत जायचे होते, तोवर बंदूक मिस्त्रीच्याच ताब्यात होती. काल मिस्त्रीला सोबत घेऊन कंत्राटदाराने जुन्या खाणीत चार बार टाकून पाहिले होते. चारही हातभर डावीकडे गेले.

"मावशी, बरं झालं आलात," तो म्हणाला. "चांगली टोपी घातलीत मला."

ती आधी बंदुकीकडे बघत होती. दस्त्यावर कुणाच्या तरी तेलकट बोटांचे ठसे उठले होते. बंदूक पुसल्याशिवाय सकाळचं पाणी तोंडाला लावायचं नाही, हा तिचा तीस वर्षांचा नेम. हे आठ दिवस सकाळी उठल्या उठल्या हात बंदुकीच्या खुंटीकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. पाणी ती नेम मोडूनच पीत होती.

मिस्त्रीने भिंग काढलं. बिघाड सापडला होता. नळीच्या टोकावर नेम धरायला जो पितळी मणी असतो, ती माशी, एका अंगाला कलली होती. पडून-बिडून नाही, कुणीतरी बेतानं ठोकून कलवली होती. हे सगळं त्याने बंदुकीकडे बघतच सांगितलं.

"मीच वाकवलीय," ती म्हणाली.

कंत्राटदाराने मांडीवर थाप मारली. आपलीच बंदूक तिरळी करणारं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. तीस वर्षांत या बाईच्या हातून एक डुक्कर पडलं नाही, ते कसं, हे आज कळलं. पोरंसोरं उगाच हसत नव्हती. मिस्त्री हसला नाही.

"भाऊजी, तुम्हाला म्हणून सांगते," ती मिस्त्रीला म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की ऐकायला कंत्राटदाराला पाय हलवणं थांबवावं लागलं. रानडुकरं बागेत शिरली की एका फेरीत दहा झाडांची मुळं उघडी पाडतात. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं. तेव्हा राग येतो, आणि हातात बंदूक असते. "रागात माझा नेम फार चांगला लागतो. म्हणून वाकवली."

गोळी शेजारच्या मातीत घुसायची, डुकरं पळायची, तिचा राग उतरायचा. बंदुकीकडून तिला एवढंच हवं होतं.

मग आता काय अडलं म्हणून आलात, असं कंत्राटदाराने विचारलं. कुंपण आहे. बंदूकही नको आणि रागही नको.

तेव्हा तिने सांगितलं. कुंपण झाल्यावर तिसऱ्या सकाळी खालच्या तारेत डुकराचं एक पिल्लू अडकलेलं दिसलं. पाठीवरचे पट्टेसुद्धा अजून गेले नव्हते. ते ओढत गेलं तशी तार रुतत गेली. छाटणीच्या कात्रीने ती तार कापेपर्यंत ते निपचित पडलं होतं. डुकरीण पलीकडे उभी होती, अंगावर आली नाही, नुसती बघत राहिली. परवा आणखी एक.

"अहो, त्यासाठीच कुंपण घालतात, मावशी. का पाट मांडायचा त्यांना?"

"माझी बंदूक तीस वर्षं चुकत राहिली," ती म्हणाली. "तुझं कुंपण एकदाही चुकलं नाही. ते घेऊन जा."

तिने दाराकडे बोट केलं. हातगाडीवर तारेची वेटोळी रचलेली होती, चारी बाजूंची. तिच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या आहेत हे दोघांच्या आत्ता ध्यानात आलं.

कंत्राटदार उठला. तार तिची झाली, ती विहिरीत टाकावी नाहीतर डोक्यावर घेऊन फिरावं, त्याचा संबंध नव्हता. बंदूक त्याची होती. तो मिस्त्रीकडे वळला. "माशी सरळ करा. आत्ता, माझ्यासमोर."

मिस्त्रीने छोटी हातोडी उचलली. "वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "सौद्याच्या कागदावर सही केलीय तुम्ही."

"केली. तिथे चुकले. एकदा चुकले म्हणून आता रोज चुकत बसू?"

ती टेबलापाशी आली आणि तिने माशीवर अंगठा ठेवला. चिंधीवरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं. हातोडीला जागाच उरली नाही.

"मारा, भाऊजी."

"मावशी, अंगठा काढा," कंत्राटदार म्हणाला. मग तेच पुन्हा म्हणाला, या खेपेला जरा हळू.

तिने त्याच्याकडे पाहिलं. अंगठा होता तिथेच होता.

"खांब राहिलेत अजून," ती म्हणाली. "ते उद्या आणते."

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली आणि बंदूक आवळलेल्या पकडीचा दांडा एक वेढा सैल केला.