बोहारणीचा सौदा

ब्याऐंशी साली वाशीच्या आमच्या सोसायटीत गाऊन घालणारी मी पहिली. सासूबाईंचं जुनं वायलचं पातळ बोहारणीच्या तावडीतून वाचवून त्याचा घरीच शिवलेला, ऐसपैस, खिसेवाला!

एकच कटकट. खाली बोहारणीची हाक आली, की बाह्या दंडाला करकचून आवळायच्या. दोनदा उसवून सैल केल्या, पण छे!

एका दुपारी बोहारीण दारातच भांडी मांडून बसली. तिनं गाऊनचं कापड चिमटीत धरून पारखलं. मग माझा दंडही चाचपला.

गाऊनकडे बघत म्हणाली, "ही बाई दिलीस, तर हे पातेलं देते."

"अगं, काय बोलतेस?" मी ओरडले.

"तुमी मधी नका बोलू, बाई."

तेवढ्यात उजवी बाही आपोआप वर उठली. आतल्या माझ्याच हातानं पातेलं बाजूला सारलं आणि मागच्या मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं.