तिसरं पाकीट

डब्याच्या झाकणावर ठेवलेला मोबाइल खडखडला आणि दुपारची शांतता मोडली. दिशा नुकतीच झोपलेली. रचनाने झडप घालून फोन उचलला आणि दाराबाहेर गॅलरीत आली.

पालिकेच्या भांडार विभागातले महिपत साहेब बोलत होते. बालवाडीच्या मुलांच्या एप्रनसाठी बंद पाकिटातून दर मागवले होते, त्यात दोनच पाकिटं आलेली. एक रचनाच्या बचत गटाचं, दुसरं शीळफाट्याच्या पोपटशेठचं. तीन आली नाहीत तर एकही उघडणार नाही, नियमच तसा. मग पुन्हा नवी सूचना, आणि ती कधी निघेल ते देवच जाणे.

"उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे, मॅडम," ते म्हणाले. "मी आपलं फक्त कळवतोय."

रचना उंबऱ्यातच बसली. आत दिशा पालथी झोपलेली, एक पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर टाकून. हे काम मिळालं तर मशीन घरातच चालणार होतं. दिशाला शाळेत सोडायला तीच जाणार, आणायलाही तीच. नाही मिळालं तर भिवंडीच्या कारखान्यात शिलाईची जागा तयार होती. लेक उठायच्या आधी निघायचं, दिवे लागल्यावर परतायचं. नवरा, महेंद्र, म्हणाला होता, तुझ्या मनाला येईल ते कर. तिच्या मनात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग तिला सासूबाई आठवल्या.

जाईबाई ठाकुर्लीला राहायच्या. त्यांचाही बचत गट होता, गोधड्या शिवणारा, सगळं काम हातावरचं. पण गट रीतसर नोंदलेला, स्वतःचा शिक्का, बँकेत खातं. पाकीट द्यायला आणखी काय लागतं?

सकाळी दिवा स्टेशनहून गाडी पकडून, दिशाला कडेवर घेऊन ती ठाकुर्लीला पोचली. खोलीभर गोधडी पसरलेली, कडेने बायका बसलेल्या. सून सकाळी सकाळी सासूकडे आली म्हणजे काहीतरी गरज पडलेली दिसते, असं एकीने सुईत दोरा ओवता ओवता म्हणून घेतलं. बाकीच्या हसल्या. रचनाही हसली, कारण ते खरंच होतं.

तिने जाईबाईंना नियम समजावला. जाईबाईंनी नमुन्याचा एप्रन मागितला. उलटा करून पाहिला, शिवण ओढून पाहिली. कापड किती लागतं, नाडी कुठून आणतेस, खिसा एक की दोन, असं विचारत बसल्या. रचनाचा जीव घड्याळात.

"आई, तुम्हाला काम करायचं नाहीये. फक्त पाकीट भरायचंय. चढा दर लावा, म्हणजे झालं."

"चढा म्हणजे किती?"

रचनाच्या ओठांवर स्वतःचा आकडा आला होता. पण या बायकांच्या गोधड्या पोपटशेठच्याच दुकानात विकायला जायच्या; आकडा त्यांच्या कानावर जायला वेळ लागला नसता. तिने आकडा गिळला.

"तुम्हाला लाज वाटेल इतका लावा."

"बरं," जाईबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, पाकीट चिकटवलं. रचना तोवर खिडकीशी दिशाला केळं भरवत होती. रचनाकडचाच एक नमुना जोडून पाकीट मुदतीत जमा झालं.

पाकिटं उघडायच्या दिवशी पोपटशेठ सगळ्यांत आधी येऊन बसलेले. त्यांनी दिशाला चॉकलेट दिलं आणि रचनाला ऐकवलं की वहिनी, एवढे एप्रन म्हणजे घरच्या उशांचे अभ्रे नव्हेत. रचनाने मान डोलावली. जाईबाई मागच्या खुर्चीवर, पदर सावरून, परीक्षेला बसल्यासारख्या.

नमुने तिघांचेही पास होते. आता फक्त दर. ज्याचा सर्वांत कमी, काम त्याचं.

महिपत साहेबांनी पहिलं पाकीट फोडलं. पोपटशेठ, एका एप्रनला दोनशे पाच.

दुसरं फोडलं. रचनाचा गट, एकशे नव्वद.

रचनाने डोळे मिटले. उघडले तेव्हा पोपटशेठ हात जोडत होते, जमलं तुमचं वहिनी, म्हणत. मनाने माणूस वाईट नव्हता. तिने दिशाला उचलून घट्ट धरलं, इतकं की पोरगी कुरकुरली. उद्यापासून शाळेच्या फाटकाशी आपणच, एवढंच तिच्या डोक्यात होतं. भिवंडीला फोन करून नाही म्हणून सांगायचं, आजच.

"हे एक राहिलं," महिपत साहेब म्हणाले. "नियम म्हणून वाचतो."

त्यांनी वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"ठाकुर्लीचा गट. एकशे सत्तर. सर्वांत कमी. काम यांना."

खोलीत आधी पोपटशेठ हसले. मग शिपाई. जाईबाई लगबगीने पुढे आल्या, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, मी चढाच लावला होता," त्या रचनाच्या कानाशी म्हणाल्या. "कापड, नाडी, दोरा, सगळं धरलं आणि वर भरपूर चढवले. लाज वाटत होती मला लिहिताना."

"आणि मजुरी, आई?"

"मजुरी?" जाईबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "घरात बसून शिवायचं, त्याची कसली मजुरी?"

"आमच्याकडे तर एकही मशीन नाही गं," जाईबाई आणखी हळू बोलल्या. "तुमच्या सगळ्या जणींना आमच्या गटात घेते. तू घरीच शिव. शिवशील ना?"

तेव्हा रचनाला हसू फुटलं. ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. जाईबाईही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि दोघींच्या मध्ये दाबली गेलेली दिशा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"मम्मी," तिने विचारलं, "मग आता पेढे आपण आजीला द्यायचे, की आजीने आपल्याला?"