खपली धरू देऊ नका

गफूरमिस्त्रीने गाडीच्या दारावर तारेचा ब्रश घासला, तशी खपली सुटून खाली पडली आणि आतलं गुलाबी मांस पुन्हा पाझरू लागलं. हेमांगीने नाकाला ओढणी लावली.

"शी! रोज हे करायलाच हवं का?"

"ताई, कातडीच्या गाडीची जखम आपोआप भरते, पण वाकडी. मग दार कायमचं चिकटतं. विमा कंपनीकडून नवं दार हवं, तर सर्व्हेअरला जखम ओलीच दिसली पाहिजे."

आठव्या दिवशी, शनिवारी, सर्व्हेअर एकदाचा उगवला. पान चघळतच त्याने जखमेत पेरापर्यंत बोट खुपसलं, ते बॉनेटलाच पुसलं आणि मोबाईल काढला.

"फोटो हलतोय. थरथरतेय ना गाडी! सोमवारी परत येतो. तोवर खपली धरू देऊ नका."

तो गेल्यावर गफूरने ब्रश हेमांगीच्या हातात दिला. "उद्या गॅरेज बंद. उद्याचं तेवढं तुम्हीच घरी उरका."

गाडीला चुचकारायला तिने दारावर हात ठेवला, तर तळव्याखालची कातडी आक्रसून मागे सरली.

दुसऱ्या हातातला ब्रश तिने पर्समध्ये टाकला.