छपरावरून गेलेलं पाखरू

पळी ठणकन पडली आणि घरातली शांतता मोडली. साळूच्याच हातून निसटली होती. दुपारपासून तिचं लक्ष दाराबाहेर होतं. पलीकडच्या गावावर धूर दिसत होता. रझाकार उद्या इथं येणार, असं जो तो म्हणत होता. नवरा सरहद्दीपल्याड वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात. त्याचा निरोप एवढाच होता, अंधार पडायच्या आत सगळे निघा.

अंगणात दिरानं, कडूबानं, गाडी जुंपली होती. साळू लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि तेवढ्यात छपरावरून एक पाखरू गेलं.

सासू द्वारकाबाई जागच्या जागी थांबली. "काय गेलं गं? पिंगळा का घुबड?"

पिंगळा गेला तर चांगलंच. घुबड गेलं तर घर रिकामं सोडायचं नाही. एकानं तरी आत राहायचं, नाहीतर ते निघालेल्यांच्या मागं लागतं. गावात लेकराबाळांनाही हे पाठ होतं.

दोघांच्या उडण्यातला फरक सासूनंच साळूला शिकवला होता, ज्वारी राखताना, माळ्यावर बसून. पिंगळा चार पंख मारतो, बुडी घेतो, पुन्हा वर येतो. घुबड सरळ जातं, पंखांचा आवाजसुद्धा न करता. आता म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

पाखरू सरळ गेलं होतं.

"पिंगळाच व्हता, आत्याबाई," साळू म्हणाली. "झोके घेत गेला."

"बराबर बघितलंस?"

"बिलकुल."

"वैनी, पाखरं बघत बसता का गाडीत बसता?" कडूबा ओरडला. "जल्दी करा!"

द्वारकाबाई थोडा वेळ आभाळाकडं तोंड करून उभी राहिली. मग तिनं नातीच्या परकराची नाडी बांधली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिला गाडीत बसवलं.

"पिंगळा म्हंजी चांगलंच झालं की. निघा मंग."

"अन् तुम्ही?"

"गाडीत माझी कंबर टिकायची न्हाई. मी सकाळी येते पायी पायी."

कडूबा काही बोलणार, तोच तिनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. गाडी हलली. वळणावरून साळूनं मागं पाहिलं, तेव्हा म्हातारी आत जाऊन दार ओढून घेत होती.

पोरगी गाडीत मागं तोंड करून बसली होती.

"आई, पिंगळाच व्हता ना?"

"हो गं, बाई."

"मंग आजी घरात का थांबली?"