भाडेकरूची चौकशी

तीन फ्लॅट भाड्याने देऊन मुरलेल्या भावाने बजावलं होतं, "ताई, माणूस कितीही गोड बोलो, आधीच्या मालकाला विचारल्याशिवाय किल्ली द्यायची नाही."

खोली बघून गेलेली नर्स ताईंना पसंत होती. तरी त्यांनी तिच्या घरमालकांना फोन लावला. आवाज बराच म्हातारा होता.

"अजिबात देऊ नका! नसती ब्याद आहे. सकाळी दार वाजवून गोळी घेतली का विचारते. चहात साखर घालू देत नाही. जिना उतरताना हात धरते, सगळे बघत असतात."

"मग सोडून का चालली आहे?"

"नवीन हॉस्पिटल तुमच्याकडून जवळ पडतं तिला." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही नाही म्हणालात, तर राहीलही इथेच."