ओला वाफा

“टाकी रिकामी आहे हो, नलूताई,” मी दारातूनच सांगितलं. शेजारच्या नलूताई हंडा घेऊन परत गेल्या. एप्रिलमध्ये टँकर आठवड्यातून एकदाच यायचा, आणि माझी अर्धी टाकी परसातल्या भेंडीसाठी राखलेली होती.

संध्याकाळी पाणी घालून मी भेंडी तोडत होते, तेवढ्यात नलूताई बादली घेऊन आल्या. “तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी साठवलंय. तुमची भेंडी वाळेल म्हणून आणलं.”

ओतायला वाकल्या आणि त्यांना वाफ्यातला चिखल दिसला. पाणी हळूच मुळाशी ओतून निघाल्या.

“नलूताई, हंडा आणा,” मी कसंबसं म्हणाले.

“राहू दे, आमचं भागलं,” त्या मागे न बघताच म्हणाल्या. हातातली कोवळी भेंडी त्यांना द्यायची माझी हिंमत झाली नाही.